रोजची भाकरी, पन्नास ग्रॅम

राजपाल सरवदे पहिल्यांदा बोरवाडीला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली होती, स्वतःचा जेवणाचा डबा होता आणि तळहातावर मावेल एवढा वजनकाटा होता. मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात ते निरीक्षक होते. ज्याच्याकडे तपासणीला जायचे, त्याच्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता. नोकरीच्या नऊ वर्षांत तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता. बोरवाडीतही त्या दिवशी तो मोडला नाही. घोटाळा झाला तो दुसऱ्याच बाजूने.

बोरवाडी परंडा तालुक्यात, सोनारीच्या पुढे. तिथे गजराबाईंचा बारा बायकांचा गट ज्वारीच्या कडक भाकरी करतो. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, म्हणजे ती पापडासारखी कडक होते. दोन महिने टिकते. सहा वर्षे हा माल सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडे जात होता आणि पाकिटावर त्याच्या दुकानाचे नाव छापले जात होते. एकदा गजराबाईंच्या भाचीने पुण्याच्या दुकानातून 'खास' असे लिहिलेले एक पाकीट कौतुकाने आणले. गजराबाईंनी त्यातली भाकरी उजेडात धरली. कडेला वाकड्या करंगळीचा खोलगट ठसा होता. त्या म्हणाल्या, "ही तर आपल्या हरणीची भाकर हाय."

गटातल्या हरणाबाईंची करंगळी लहानपणी जात्याखाली सापडून वाकडी झालेली. भाकरी ओळखायला एवढी खूण पुरली. त्या दिवशी गजराबाईंनी ठरवले की पाकिटावर बोरवाडीचेच नाव आले पाहिजे. पुण्याचे एक मोठे दुकान तसे पाकीट ठेवायला तयारही झाले. त्यांची अट एकच होती, पाकिटावर सरकारी गुणवत्तेचा शिक्का हवा, आणि तो गुढीपाडव्याच्या आत.

शिक्क्याची रीत तशी सोपी असते. आपला माल कसा असतो ते आपणच लिहून द्यायचे, आणि तो खरोखर तसा असतो का ते निरीक्षकाने येऊन पाहायचे. लिहिण्याचे काम गजराबाईंच्या सुनेने, वर्षाराणीने केले. ती विज्ञानाची पदवीधर. महिनाभर ती रोज चार-चार भाकरी उचलून वजन करत होती. शेवटी तिने अर्जात लिहिले: रुंदी वीस सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅम, दोन ग्रॅम इकडे-तिकडे. घटक: ज्वारीचे पीठ, पाणी, किलोला दहा ग्रॅम मीठ. बाकी काही नाही.

राजपाल यांनी पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहून काम पाहिले आणि नमुन्याची चार पाकिटे मागितली. गजराबाईंनी त्यांना बसायला सांगितले, आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने धुतलेल्या फडक्यात गुंडाळून चार पाकिटे घेऊन आल्या. राजपाल यांनी ती लाखेने बंद केली, सही केली आणि चहाला हात जोडून नकार देऊन ते निघाले. फाट्यावरच्या लिंबाखाली बसून त्यांनी आपला डबा खाल्ला. ही बातमी ते घास चावत असतानाच गावात पोचली आणि गजराबाईंना फार लागली.

दहा दिवसांनी प्रयोगशाळेचे पत्र आले. वर्षाराणीने ते उभ्या उभ्या वाचले आणि सासूबाईंकडे पाहिले.

"आत्या, भाकरीत तूप निघालं म्हणतात. आणि दूध."

"निघंलच की. दुधात पीठ मळलं, वरून घरचं तूप लावलं. म्याच."

"अहो, पण का?"

"एवढ्या लांबून मानूस आला. पानी न्हाय, चहा न्हाय. आता कोरडी भाकर बी द्यायची व्हय त्याला?"

"ती खायला नव्हती नेली. तपासायला नेली होती."

"तपासनारा बी मानूसच असतोय," गजराबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

पत्रात मात्र तो संपला नव्हता. तूप खवट झाले होते, म्हणजे दोन महिने टिकण्याची गोष्टच नको. नमुना नापास. असे तीन नमुने देता येतात, तिसराही नापास झाला तर अर्ज बंद होतो आणि पुढचा अर्ज एक वर्षाने. वर्षाराणीने हे सगळे सासूबाईंना नीट समजावून सांगितले. गजराबाईंनी मान हलवली आणि पुन्हा निरीक्षकाच्या भाकरीला तूप लावणार नाही, अशी काळभैरवनाथाची शपथ घेतली. त्यांनी ती तंतोतंत पाळली, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या वेळी राजपाल न कळवता आले. न कळवता गेले की माल जसा असतो तसा सापडतो, असे त्यांना प्रशिक्षणात शिकवले होते. पण शिकवणारे बोरवाडीला आलेले नव्हते. परंड्याहून येणारी एसटी फाट्यावर सोडते आणि फाट्यावर बिभीषणचे चहाचे हॉटेल आहे. बिभीषणने राजपाल यांना उतरताना पाहिले आणि उन्हात दीड किलोमीटर चालायची काही गरज नाही, आत्ता गाडी मागवतो, असे सांगून बाकावर बसवले. मग तो पातेल्यामागे जाऊन फोनवर बोलला. गाडी चाळीस मिनिटांनी आली. ती ट्रॅक्टर होती.

तेवढ्यात शेडमध्ये सकाळपासूनच्या सगळ्या भाकरी कणगीमागे गेल्या होत्या. पाहुणा येताना घरातला पसारा लपवतात, तशाच. गजराबाईंनी नवीन मालदांडी ज्वारीचे पीठ दोनदा चाळले आणि स्वतः थापायला बसल्या. तूप नाही, दूध नाही. राजपाल पोचले तेव्हा टोपलीत पौर्णिमेच्या चंद्रासारख्या भाकरी रचलेल्या होत्या. त्यांनी खिशातून काटा काढला.

"मावशी, तुम्ही पन्नास ग्रॅम लिहून दिलंय. ही बहात्तर भरली."

"मग बावीस जास्तीच दिलं की. तुमचं गेलं काय त्यात?"

राजपाल बसले. गेल्या वेळी ते बसले नव्हते. "असं बघा," ते शांतपणे म्हणाले, "शाळेतली पट्टी तीस सेंटिमीटरची असते. एखाद्या दुकानात बत्तीसची निघाली, तर लेकरं खूश होतील का? त्या पट्टीनं मोजलेलं सगळंच चुकंल. पट्टी चांगली असून भागत नाही. ती दर वेळी तेवढीच असावी लागते. मला तुमची चांगली भाकरी नको. रोजची द्या."

शेडमध्ये थापण्याचा आवाज थांबला. पाहुण्याने तोंडाने रोजची भाकरी मागावी, हे तिथे आजवर कोणी ऐकले नव्हते. हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"रोजची भाकर पाव्हण्यापुढं ठिवली तर मानसं काय म्हनतील आमाला?" गजराबाई म्हणाल्या.

"मी पाहुणा नाही, मावशी. मी निरीक्षक आहे."

"आलाव कुठून?"

"धाराशिवहून."

"मंग पाव्हणंच की."

राजपाल यांनी तो विषय सोडला. आजच्या इतर भाकरी कुठे आहेत, हे त्यांनी तीनदा विचारले. आज एवढ्याच झाल्या, असे बारा बायकांनी एका सुरात सांगितले. त्यांनी नाइलाजाने दुसरा नमुना जागेवर नापास केला, कागदावर सही केली आणि उठू लागले. तेव्हा गजराबाईंनी ताट त्यांच्यापुढे सरकवले.

"नापास केली न्हवं? मग ती आता सरकारी ऱ्हायली न्हाय. खा."

राजपाल यांनी मनातल्या मनात नियम आठवून पाहिले. नापास भाकरीबद्दल त्यांत काही नव्हते. ते दोन भाकरी जेवले आणि माठातले पाणी प्यायले. त्यांचा डबा त्या दिवशी परंड्याच्या बसस्थानकावरच्या कुत्र्याला मिळाला.

आता एकच नमुना उरला होता. वर्षाराणीने गटाची सूत्रे हातात घेतली. तिच्या लक्षात आले होते की बायकांना भाकरी शिकवायची गरज नाही. रोज थापताना हरणाबाईंचा हात डोळे मिटूनही पन्नास ग्रॅमचाच गोळा तोडतो. समोर पाहुणा दिसला की तोच हात सत्तरवर जातो. म्हणजे शिकवायचे ते पाहुण्याकडे न बघायला. तिने बिभीषणला पॅन्ट-शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन रोज दुपारी शेडमध्ये यायला सांगितले. तो आला की कोणी मान वर करायची नाही, चहा विचारायचा नाही, हात चालू ठेवायचा. पहिल्या दिवशी हरणाबाईंनी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी चहा दिला नाही, पण गुपचूप शेंगदाण्याचा लाडू दिला. पाचव्या दिवशी कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. बिभीषण तासभर उभा राहून निघून गेला आणि सहाव्या दिवशी आलाच नाही. बोलावणे पाठवले तेव्हा म्हणाला, मला काही स्वाभिमान आहे की नाही.

पाडव्याला तीन आठवडे राहिले असताना राजपाल आले. या वेळी मोटारसायकलवर, फाटा टाळून, सोनारीच्या बाजूच्या शेतरस्त्याने. अंगावर पांढरी धूळ घेऊन ते शेडमध्ये शिरले आणि एकीनेही मान वर केली नाही. गजराबाईंचा जबडा मात्र आवळलेला होता. धुळीने माखलेला माणूस दारात उभा आहे आणि आपण त्याला तांब्याभर पाणी देत नाही, हे त्यांच्या जिवावर आले होते. राजपाल यांनी ढिगातून भाकरी उचलल्या. पन्नास. एक्कावन्न. एकोणपन्नास. पन्नास. त्यांनी चार पाकिटे लाखेने बंद केली आणि मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीत ठेवली. मग ते हातपाय धुवायला हौदावर गेले.

तेवढीच दोन मिनिटे होती. हरणाबाईंना ती जड झाली. मोकळ्या हाताने चाललेला माणूस, पिशवीत नुसत्या कोरड्या भाकरी, सोबत लावून खायला काही म्हणजे काही नाही. त्यांनी शेंगाच्या चटणीचा डबा भरला, वर चांगले बोटभर तेल ओतले आणि तो पिशवीत पाकिटांवर ठेवून दिला.

बार्शीच्या पुढे रस्त्याचे काम चालू आहे. तिथल्या तिसऱ्या खड्ड्यात डब्याचे झाकण उडाले.

संध्याकाळी राजपाल यांनी वर्षाराणीला फोन केला. त्यांचा आवाज थकलेला होता. चारही पाकिटांत तेल मुरले होते, असला नमुना प्रयोगशाळेच्या दारातसुद्धा घेत नाहीत. एवढेच बरे की तो तिथे पोचलाच नसल्यामुळे तिसरी संधी अजून शिल्लक होती. वर्षाराणीने पुन्हा पुन्हा माफी मागितली. मागून हरणाबाईंनी काहीतरी विचारले.

"काय म्हणतात त्या?" राजपाल यांनी विचारले.

वर्षाराणी संकोचून म्हणाली, "चटणी कशी झाली होती, म्हणतात."

"बरी होती," राजपाल म्हणाले.

चौथ्या वेळी ते आले ते जिद्दीने. रिकामी पिशवी आणायची, नमुना घ्यायचा, ती छातीशी धरायची आणि धाराशिव येईपर्यंत हातातून सोडायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. पण त्या दिवशी बोरवाडीत गडबड होती. सोलापूरच्या व्यापाऱ्याचा टेंपो चार वाजता यायचा होता, दोन बायका लग्नाला गेल्या होत्या आणि पाचशे भाकरी कमी पडत होत्या. शेडमध्ये धूर होता, घामाने सगळ्यांचे चेहरे चमकत होते. राजपाल दारात उभे राहिले. गजराबाईंनी तव्यावरून नजर उचलून पाहिले.

"आलास व्हय? बूट भाईर काढ. खाली पीठ सांडलंय."

राजपाल यांनी बूट काढले. 'आलास' हा शब्द त्यांच्या लक्षात आला, पण त्याचे काय करायचे ते कळले नाही. ते भिंतीशी जाऊन बसले. दहा मिनिटे झाली, वीस झाली. चहा आला नाही. त्यांनी वाट पाहिली आणि उठून माठातून स्वतःच पाणी घेतले. परतताना गजराबाईंनी त्यांच्या हातात पाकिटांचा गठ्ठा दिला.

"रिकामा बसू नगंस. धा-धा मोजून भर. फुटकी बाजूला काढ."

निरीक्षकाने माल भरावा की नाही, हा प्रश्न राजपाल यांना पडला. पण तो विचारायला मोकळा माणूस शेडमध्ये नव्हता. त्यांनी दीड तास पाकिटे भरली. हळूहळू हाताला सवय झाली. मग पोटात कावळे ओरडायला लागले.

"मावशी, भूक लागली."

"टोपल्यात हाय बघ. आमटी संपली."

त्यांनी टोपल्यातून भाकरी घेतली आणि सवयीने आधी काट्यावर ठेवली. पन्नास. दुसरी ठेवली, पन्नास. तिसरी एक्कावन्न. ते थांबले. त्यांनी शेडभर नजर फिरवली. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हते, आणि बघायचे नाही म्हणून बघत नव्हते असेही नव्हते. ही भाकरी त्यांच्यासाठी केलेली नव्हती. ती कोणासाठीच खास केलेली नव्हती. तीन खेपा ते जिच्यासाठी आले, ती रोजची भाकरी त्यांच्या हातात होती.

त्यांनी आपणच भरलेल्या पाकिटांतली चार घेतली, लाख लावली, सही केली. खरे तर त्यांना फार आनंद व्हायला हवा होता. तसा तो झालाही. पण त्याच्या कडेला कुठेतरी काहीतरी टोचत होते.

"मावशी," ते शेवटी म्हणाले, "नुसती कोरडीच खाऊ?"

"मग काय ओवाळू तुला? शिंक्यात दही असंल. वर्षा, त्याला शिंकं दाव."

वर्षाराणीने हात न थांबवता मानेनेच शिंके दाखवले. राजपाल यांनी दही घेतले, भाकरी चुरली आणि भिंतीशी बसून खाल्ली. जाताना त्यांनी पिशवी छातीशी धरली. हरणाबाई त्या दिशेने फिरकल्यासुद्धा नाहीत. मोटारसायकल सुरू झाल्यावर गजराबाईंनी दारातून हाक मारली.

"पुढच्या खेपंला येताना परंड्याहून बारीक मीठ आन. पाच किलो. हितल्या दुकानात नुसतं खडंमीठ हाय."

आपण निरीक्षक आहोत आणि निरीक्षक मीठ आणत नसतो, हे सांगायला राजपाल यांनी तोंड उघडले. "बरं," ते म्हणाले.

नमुना पास झाला. पाडव्याला चार दिवस असताना राजपाल स्वतः प्रमाणपत्र घेऊन आले. ते टपालाने पाठवता आले असते, पण त्यांना राहवले नाही. वर्षाराणीने मोठ्याने वाचून दाखवले. सगळ्या जणी परातीवरून उठून भोवती जमल्या, बिभीषणसुद्धा रुसवा सोडून आला. गजराबाईंनी पिठाचा हात लुगड्याला पुसला, कागद हातात घेतला आणि गावाच्या नावाखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचले. बो, र, वा, डी. मग त्यांनी तेच पुन्हा एकदा वाचले. हरणाबाई डोळे पुसत होत्या.

"मीठ कुठं हाय?" गजराबाईंनी विचारले.

राजपाल यांचा चेहरा उतरला. प्रमाणपत्राच्या आनंदात ते परंड्यातून थेट पुढे आले होते. "राहिलं, मावशी."

"घरात मूठभर उरलंय. पीठ वीस किलो भिजवायचंय. पुन्याचा पयला माल उद्या निघनार."

"मग आजच्या दिवस थोडं कमी घाला की," राजपाल म्हणाले. "एका दिवसानं काय होतंय? कोणाला कळणारही नाही."

गजराबाईंनी प्रमाणपत्र त्यांच्यासमोर धरले आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"हितं काय लिवलंय?"

"किलोला दहा ग्रॅम मीठ."

"आन खाली सही कुनाची हाय?"

"माझी."

"गावाचं नाव पयल्यांदा पाकिटावर लागायलंय. त्या पाकिटात कमी मिठाची भाकर जायाची न्हाय."

राजपाल यांनी दाराबाहेर जाऊन बूट घातले आणि मोटारसायकल परंड्याच्या दिशेने वळवली.